कॅप्टन पिकार्डचा खटला: यंत्राला हक्क द्यायचे का, या वादाची सोपी फोड

मोबाइलमधला चॅटबॉट नम्रपणे बोलतो, चूक दाखवली की माफी मागतो, कधी 'मला तुमची काळजी वाटते' असंही लिहितो. त्यामुळे नागपुरात कॉलेजच्या कट्ट्यापासून वकिलांच्या बाररूमपर्यंत एक प्रश्न आता ऐकू येऊ लागला आहे: या यंत्रांना उद्या हक्क द्यावे लागतील का? कुणी तो हसण्यावारी नेतं, कुणाला खरोखर धास्ती वाटते. बातम्यांत जाणीव, कायदेशीर दर्जा आणि नुकसानभरपाई हे तीन वेगळे विषय एकाच दमात येतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे तीन धागे सुटे करून बघायला मला सगळ्यांत जास्त मदत झाली ती एका टीव्ही मालिकेच्या एका भागाची. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेत फेब्रुवारी १९८९ मध्ये तो दाखवला गेला. त्यात ज्याँ-लूक पिकार्ड नावाचा अंतराळयानाचा कॅप्टन आपल्या एका यंत्रमानव सहकाऱ्यासाठी न्यायासनापुढे उभा राहतो. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, चॅटबॉट तर सोडाच. तरीही आजच्या वादातले बहुतेक मुद्दे त्या खटल्यात आले आहेत. जो एक मुद्दा आज टिकत नाही, तोसुद्धा शिकण्यासारखा आहे.

हा कॅप्टन कोण?

'स्टार ट्रेक' ही जीन रॉडनबेरी यांनी १९६६ मध्ये सुरू केलेली विज्ञानकथा मालिका. पहिल्या मालिकेचा कॅप्टन होता जेम्स कर्क. पिकार्ड आला तो १९८७ मध्ये, नंतरच्या मालिकेत, आणि १९९४ पर्यंत सात पर्वं तो 'एंटरप्राइज' या यानाचा कॅप्टन होता. पॅट्रिक स्ट्युअर्ट हे शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेले ब्रिटिश नट. त्यांनी ही भूमिका केली आणि कॅप्टनला एक ठाम, मोजकं बोलणारा आवाज दिला. काळ चोविसाव्या शतकाचा. स्टारफ्लीट ही संघटना अर्धी नौदलासारखी आणि अर्धी संशोधन मोहिमेसारखी. पिकार्डला पुरातत्त्वाचा नाद, हातात अर्ल ग्रे चहा, आणि शस्त्र उचलण्याआधी बोलून बघायची सवय.

त्याच्या यानावर डेटा नावाचा अधिकारी आहे. दिसायला माणसासारखा, पण पूर्णपणे कृत्रिम. नूनियन सूंग या शास्त्रज्ञाने त्याला घडवलं. तो स्टारफ्लीटच्या अकादमीतून रीतसर शिकून बाहेर पडला, लेफ्टनंट कमांडर झाला, त्याला पदकं मिळाली. भावना आपल्याला नाहीत, असं तो स्वतःच सांगतो.

एवढी माहिती पुरे. मालिका पाहिलेली नसली तरी पुढचं समजायला अडचण येणार नाही.

खटला काय होता?

ब्रूस मॅडॉक्स नावाचा संशोधक स्टारफ्लीटचा आदेश घेऊन येतो. त्याला डेटाचे भाग सुटे करून त्याच्या मेंदूचा अभ्यास करायचा आहे, म्हणजे पुढे असे शेकडो डेटा बनवता येतील. डेटाला अकादमीत घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत हाच मॅडॉक्स एकटा विरोधात होता. डेटा त्याची योजना वाचतो, तांत्रिक तयारी कच्ची आहे असं त्याचं मत होतं, आणि तो नकार देतो. आदेश मागे घेतला जात नाही म्हटल्यावर तो राजीनामा देतो.

आता पेच पडतो. माणसाने राजीनामा दिला तर विषय संपतो. यानावरच्या संगणकाला राजीनामा देता येतो का? स्टारफ्लीटच्या विधी अधिकारी फिलिपा लुव्हॉइस जुने निर्णय चाळतात आणि सांगतात की डेटा ही संघटनेची मालमत्ता आहे, राजीनाम्याचा प्रश्नच येत नाही. पिकार्ड या निर्णयाला आव्हान देतो. त्यांच्या कार्यालयात पुरेशी माणसं नसल्यामुळे डेटाच्या बाजूने पिकार्डने आणि विरुद्ध बाजूने त्याचाच उपकप्तान रायकर याने उभं राहायचं असं ठरतं. रायकर डेटाचा मित्र. त्याने नकार दिला तर निकाल लगेच डेटाच्या विरोधात लागणार, म्हणून त्याला उभं राहावंच लागतं, आणि तेही मनापासून.

रायकर काम चोख करतो. तो डेटाला धातूची कांब वाकवायला लावतो, त्याचा हात सुटा करून न्यायासनापुढे ठेवतो आणि शेवटी पाठीमागचं बटण दाबून त्याला बंद करून टाकतो. डेटा पुढे कोसळतो. यंत्र आहे हे याहून स्पष्ट कसं दाखवणार?

पिकार्ड जिंकला तो कशाच्या जोरावर?

बहुतेकांना वाटतं की पिकार्डने 'डेटालाही मन आहे' हे सिद्ध केलं असणार. तसं त्याने केलंच नाही. उलट, डेटा यंत्र आहे आणि माणसाने बनवला आहे, हे तो पहिल्याच वाक्यात मान्य करतो. माणूसही एक प्रकारचं यंत्रच, आणि मुलंही आईबापांच्या जनुकांतून घडतात, म्हणून ती कुणाची मालमत्ता ठरत नाहीत, असं तो म्हणतो.

मग तो डेटाची बॅग उघडतो. त्यात पदकं आहेत, पिकार्डनेच दिलेलं एक पुस्तक आहे, आणि ताशा यार या मारल्या गेलेल्या सहकारी स्त्रीची छोटी प्रतिमा आहे. राजीनामा दिल्यावर सामान बांधताना डेटाने या वस्तू बरोबर घेतल्या होत्या. पदकांचा त्याला काही उपयोग नाही, ती त्याला फक्त हवी होती.

त्यानंतर तो मॅडॉक्सला साक्षीला बोलावतो आणि विचारतो: जाणतं असण्यासाठी काय लागतं? मॅडॉक्स तीन कसोट्या सांगतो: बुद्धी, आत्मभान आणि जाणीव. बुद्धी डेटाकडे आहे हे मॅडॉक्सलाही मान्य आहे. आत्मभानासाठी पिकार्ड डेटालाच विचारतो की तू या क्षणी काय करतो आहेस, आणि डेटा उत्तर देतो की माझे हक्क आणि माझा दर्जा ठरवणाऱ्या सुनावणीत मी भाग घेतो आहे. राहिली जाणीव. तिथे अडतं, कारण पिकार्डने आधीच मॅडॉक्सवर डाव उलटवलेला असतो: मी जाणता आहे हे तू सिद्ध करून दाखव. मॅडॉक्सला ते जमत नाही. कुणालाच जमत नाही. दुसऱ्याच्या मनात काय चाललं आहे ते थेट पाहण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

पिकार्डच्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. तुम्हाला खात्री नाही आणि मलाही नाही. अशा वेळी जो मालकी सांगतो, सुटे भाग करायला निघतो आणि नंतर हजारोंची फौज उभी करायची म्हणतो, पुरावा त्याने द्यायला हवा. लुव्हॉइस यांचा निकालही याच धर्तीचा. त्या म्हणतात: डेटा यंत्र आहे, पण तो मालमत्ता नाही. त्याला आत्मा आहे का, ते मला ठाऊक नाही, आणि मला स्वतःला आहे का तेही ठाऊक नाही. तो प्रश्न त्याचा त्याला शोधू द्यावा.

निकालानंतर डेटा मॅडॉक्सला सांगतो की प्रयोगाला माझा नकार कायम आहे, पण तुमचं संशोधन चालू ठेवा, पुढे कधी पाहू. सूड नाही, आकस नाही. मला तो भागातला सगळ्यांत सुंदर क्षण वाटतो.

कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे माणूसच असं आहे का?

नाही, आणि हे आपल्याकडे मुळीच नवं नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता असू शकते आणि ज्याच्या नावाने दावा दाखल होऊ शकतो, त्याला कायद्याच्या भाषेत 'कायदेशीर व्यक्ती' म्हणतात. भारताच्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात व्यक्ती या शब्दात कंपनी आणि संस्था यांचा समावेश आहे. कंपनी जमीन घेते, कर भरते, कोर्टात जाते. तिला वेदना होतात असं कुणी म्हणत नाही.

विदर्भातल्या कितीतरी गावांत देवस्थानच्या जमिनीचा सातबारा काढून बघा. भोगवटादाराच्या जागी श्री मारोतीचं किंवा विठ्ठलाचं नाव असतं, आणि त्याखाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं किंवा पंचांचं. म्हणजे जमीन देवाची, सांभाळ माणसाचा. हिंदू मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९२५ मध्ये एका बंगाली कुटुंबाच्या भांडणात स्पष्ट केलं. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की मालक देवता आहे आणि पुजारी फक्त सांभाळणारा. अयोध्येच्या २०१९ च्या निकालात रामलल्ला विराजमान हे पक्षकार होते, ते याच तत्त्वावर.

या सगळ्यात न्यायालयाने मूर्तीत चैतन्य आहे की नाही याचा निवाडा केला नाही. भक्ताने दिलेलं दान पुजाऱ्याने गिळू नये, पिढ्यान्‌पिढ्या ते देवाच्याच नावे राहावं, एवढ्यासाठी ही सोय आहे. 'कायदेशीर व्यक्ती' हा दर्जा माणसं माणसांच्या सोयीसाठी देतात. तो मिळाला म्हणून जाणीव सिद्ध होत नाही, आणि नाही मिळाला म्हणून जाणीव नाही असंही ठरत नाही.

शिवाय हक्क एकगठ्ठा मिळत नाहीत. कंपनीला कायद्यापुढे समानता मागता येते, पण मतदान करता येत नाही. देवाच्या नावे शेत असतं, पण देवाला निवडणूक लढवता येत नाही. उलट बाजूने, ताडोबातला वाघ कायदेशीर व्यक्ती नाही, तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणं गुन्हा आहे. शंकरपटातल्या बैलांचंही तसंच. बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारे महाराष्ट्र आणि इतर राज्यांचे कायदे मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायम ठेवले, तेव्हा प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं मानायला नकार दिला. पण क्रूरतेपासून संरक्षण १९६० च्या कायद्याने आहेच. म्हणजे व्यक्ती न करताही संरक्षण देता येतं. यंत्रांच्या वादात हा मधला रस्ता सारखा विसरला जातो.

मग यंत्राला कंपनीसारखी व्यक्ती करून टाकायला हरकत काय?

हरकत मोठी आहे. नुकसान झालं तर भरून कोण देणार?

२०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं आणि काही अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या शंका अगदी व्यवहारातल्या होत्या: उद्या पुरात घरं वाहून गेली तर दावा नदीवर लावायचा का, आणि भरपाई पालकांनी द्यायची का? जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याच वर्षी न्यूझीलंडने संसदेत कायदा करून वांगानुई नदीला असा दर्जा दिला. तिथे सरकार आणि मूळ रहिवासी माओरी समाज यांच्यातर्फे एकेक पालक नेमण्याची तरतूद कायद्यातच होती, त्यामुळे नदीच्या वतीने बोलणारं कोण हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये युरोपीय संसदेने एका ठरावात सुचवलं होतं की अतिप्रगत, स्वतः निर्णय घेणाऱ्या रोबोंसाठी 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' असा दर्जा ठेवण्याचा विचार व्हावा. त्याला तज्ज्ञांकडून जोरदार विरोध झाला आणि तसा कायदा झाला नाही. विरोधाचं कारण समजायला एक खरं प्रकरण पुरेसं आहे. आजीच्या निधनानंतर प्रवासाला निघालेल्या एका कॅनेडियन प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने सांगितलं की सवलतीसाठी तिकीट काढल्यानंतरही अर्ज करता येतो. कंपनीचा नियम तसा नव्हता आणि सवलत नाकारली गेली. सुनावणीत कंपनीचा एक पवित्रा असा होता की चॅटबॉट जे बोलला त्याला तो जबाबदार, आम्ही नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पवित्रा फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ८०० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. संकेतस्थळावर जे लिहिलं जातं त्याची जबाबदारी कंपनीची, मग ते साध्या पानावर असो वा चॅटबॉटच्या तोंडी.

यंत्राला व्यक्ती ठरवण्याची घाई करणाऱ्यांत काही जण मनापासून यंत्राच्या कळवळ्याने बोलतात. पण त्या दर्जाचा सगळ्यांत पहिला फायदा मालकाला होईल, अशी मला भीती वाटते. यंत्र व्यक्ती झालं की मालक म्हणेल, त्याच्यावर दावा लावा. यंत्राकडे ना शेत, ना बँकेत ठेव. जप्ती कशावर आणणार?

म्हणून बँक, रुग्णालय किंवा विमा कंपनीच्या चॅटबॉटने चुकीची माहिती दिली, तर त्या संवादाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा आणि तक्रार संस्थेच्या नावाने करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची दाद जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. सेवा देणारी संस्था आहे, ती कुणामार्फत बोलली हा तिचा प्रश्न.

पण चॅटबॉट तर म्हणतो की त्याला वाटतं!

पिकार्डचा जो मुद्दा आज टिकत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, तो हा.

आजचे चॅटबॉट ज्यावर चालतात त्याला भाषेचं मॉडेल म्हणतात. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर वापरून त्याला घडवलेलं असतं. आधीचे शब्द बघून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत ते एकेक तुकडा जोडत जातं. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला आणखी वळण लावलं जातं. माणसांच्या मजकुरात 'मला भीती वाटते', 'मी दुखावलो' अशी वाक्यं पदोपदी आहेत. तशी वाक्यं मॉडेललाही लिहिता येतात, मग मागे वाटणारं कुणी असो वा नसो. २०२२ मध्ये गुगलच्या एका अभियंत्याने कंपनीच्या लॅम्डा या मॉडेलला जाणीव आहे असा दावा केला, तो अशाच संवादांच्या आधारावर. कंपनीने तो नाकारला आणि बहुतेक संशोधकांनाही तो पटला नाही.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैलाला झूल घालतात, शिंगं रंगवतात, दारोदार नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या बैलाला कुणी लाथ मारली तर पोर रडेल, आणि त्याचं रडणं अगदी खरं असेल. पण आपली माया खरी आहे एवढ्याने बैलाला दुखलं असं होत नाही. चॅटबॉटशी बोलताना आपल्या मनात जे उमटतं ते आपलं आहे. पलीकडे काय आहे, त्याचा पुरावा वेगळा शोधावा लागेल.

म्हणून पिकार्डने आत्मभान दाखवण्यासाठी डेटाला एक प्रश्न विचारला आणि एका वाक्यात उत्तर मिळवलं, ते १९८९ मध्ये पुरेसं वाटलं. आज तसं वाक्य कुठलाही चॅटबॉट लिहून देईल. बोलणं हा पुरावा म्हणून कमजोर झाला आहे. पण पिकार्डने मांडलेला दुसरा पुरावा मला अजून भक्कम वाटतो: बॅगेतली ती प्रतिमा. कुणी मागितलं नाही, कुणी पाहत नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरी डेटाने ती जपली. शिवाय त्याला सलग आयुष्य आहे, कालचं त्याला आठवतं, आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी त्याने राजीनाम्याची किंमत मोजून मॅडॉक्सला नकार दिला. उद्या एखाद्या यंत्राबद्दल गंभीरपणे विचार करायची वेळ आली, तर अशा वागण्याकडे आणि त्याच्या आतल्या रचनेकडे पाहावं लागेल, गोड शब्दांकडे नाही.

जाणीव म्हणजे काय यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही आणि सर्वमान्य चाचणी नाही. त्यामुळे 'कधीच शक्य नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावरही माझा विश्वास बसत नाही. आज हक्क देण्याइतका पुरावा दिसत नाही. दार मात्र कायमचं लावून घेऊ नये.

माणसांचेच हक्क बाकी असताना यंत्रांचं काय घेऊन बसलात?

या आक्षेपाचं वजन मला सगळ्यांत जास्त वाटतं, आणि नागपुरात राहून तो झटकता येत नाही. गटारात उतरून मरणारी माणसं आजही बातमीत येतात. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये आणखी कडक केल्यानंतरही.

खटल्याच्या मध्यंतरात पिकार्ड हरण्याच्या बेतात असतो. तेव्हा यानावरचं उपाहारगृह चालवणारी गायनन त्याच्याशी बोलते. ही भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्री वूपी गोल्डबर्ग यांची. ती त्याला आठवण करून देते की अनेक जगांच्या इतिहासात वापरून फेकून देण्याजोगे मानलेले जीव होते. घाणेरडी, कष्टाची कामं त्यांच्यावर ढकलली गेली आणि त्यांच्या भल्याचा विचार करायची गरज कुणाला पडली नाही. पिकार्डच्या लक्षात येतं की ही गुलामगिरीची गोष्ट आहे. अमेरिकन प्रेक्षकाला इथे १८५७ चा ड्रेड स्कॉट खटला आठवतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिक मानायलाच नकार दिला होता. आपल्याला महाडचं चवदार तळं आठवतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे पाणी प्यायले, त्या काळी तळ्यावर गुराढोरांना मुभा होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना प्रत्यक्षात मनाई.

पण इथे जपून बोललं पाहिजे. डेटाबद्दल लोकांना खरोखर ठाऊक नव्हतं. अस्पृश्य ठरवलेल्यांच्या माणूसपणाबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. ती माणसं आहेत हे पुरतं ठाऊक असूनच त्यांना नाकारलं गेलं. त्यांच्या शेतातल्या घामावर, त्यांनी ओढलेल्या मेलेल्या ढोरांवर गाव जगत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला, तेव्हा ते आपलं माणूसपण कुणाकडे मागायला आले नव्हते. त्या अनुभवाची आणि चॅटबॉटची बरोबरी कुणी करू लागला तर मी ती मान्य करणार नाही.

पिकार्डचा युक्तिवाद घ्यायचा तो वेगळ्या कारणासाठी. काम फुकट करून हवं असलं की मालकाला समोरचा 'मालमत्ता' दिसू लागतो, ही सवय त्याने पकडली. ती सवय आजच्या यंत्रांमागच्या माणसांनाही लागू होते. मॉडेलला वळण लावण्यासाठी हिंसक, किळसवाणा मजकूर वाचून त्याला खुणा करण्याचं काम आफ्रिकेत आणि आशियात अल्प मजुरीवर करून घेतलं गेलं आहे. त्या कामगारांना करार, मजुरी आणि मानसिक उपचार मिळतात का, हा प्रश्न यंत्राच्या आत्म्याच्या आधी यायला हवा, आणि त्यासाठी नव्या कायदेशीर संकल्पनेची वाट पाहायची गरज नाही.

कॅप्टन स्वतः नेहमी बरोबर होता का?

नाही, आणि म्हणूनच हे पात्र मला खोटं वाटत नाही.

१९९० च्या एका भागात डेटा स्वतःसारखीच एक मुलगी घडवतो, लाल नावाची. हा पिकार्ड आधी चिडतो, कारण त्याला न विचारता हे केलं. तिला मूल म्हणायलाही तो कचरतो. मग तिला हिरावून न्यायला ॲडमिरल येतो, तेव्हा पिकार्ड डेटाला सांगतो की हा आदेश पाळू नकोस.

१९९२ चा प्रसंग याहून अवघड. बोर्ग नावाचे अर्धयांत्रिक जीव इतरांना पकडून स्वतःच्या सामूहिक मनात विरघळवून टाकतात. पिकार्डलाही त्यांनी एकदा तसं केलेलं असतं आणि त्याच्याच तोंडून हल्ल्याची घोषणा करवलेली असते. आता जखमी अवस्थेत एक तरुण बोर्ग हाती लागतो. यानावरचे लोक त्याला ह्यू नाव देतात. पिकार्डची योजना अशी की त्याच्यात एक घातक कोडं भरून परत पाठवायचं, म्हणजे सगळी जमात नष्ट होईल. डेटासाठी लढलेला हाच कॅप्टन ह्यूला 'तो' म्हणायला तयार नाही. गायननही नाही, कारण तिच्या लोकांचा संहार बोर्गांनीच केलेला. आधी ती त्याला भेटते आणि हादरते. मग पिकार्ड त्याच्यापुढे बोर्गाचं सोंग घेऊन उभा राहतो आणि हुकूम सोडतो. ह्यू आपल्या मित्राच्या विरोधात मदत करायला नकार देतो, आणि नकार देताना 'आम्ही' सोडून 'मी' म्हणतो. योजना रद्द होते.

नावडत्याच्या बाबतीत हा निकष पाळणं पिकार्डलाही जड गेलं.

आणि शेवटी तोच कृत्रिम झाला

२०२० मध्ये 'स्टार ट्रेक: पिकार्ड' ही नवी मालिका आली. पिकार्ड आता म्हातारा, फ्रान्समधल्या घराण्याच्या द्राक्षमळ्यात राहणारा. पहिल्या पर्वाच्या शेवटी मेंदूच्या आजाराने तो मरतो. त्याचं मन एका कृत्रिम शरीरात उतरवलं जातं. त्या शरीराला जास्तीची ताकद दिलेली नाही, ते माणसासारखंच म्हातारं होईल आणि मरेल.

लुव्हॉइस यांच्यासमोर त्याने जे मागितलं होतं ते आता त्याला स्वतःला लागू पडतं. प्रश्न कोरा तत्त्वज्ञानाचाही नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे वारसा मृत्यूच्या क्षणी खुला होतो. पिकार्ड मेला हे नोंदलेलं आहे. मग तो द्राक्षमळा कुणाचा: वारसांचा, की त्याच आठवणी घेऊन परत आलेल्या या कृत्रिम माणसाचा? त्याची सही चालेल का? त्याच्यावर उपचार करायची जबाबदारी रुग्णालयाची, की कारखान्याची? असं प्रकरण कुठेही आलं तर ते आत्म्याच्या प्रश्नाने सुरू होणार नाही. ते तलाठ्याकडे फेरफाराच्या अर्जाने सुरू होईल, हरकत नोंदवली जाईल, आणि मग कुठल्या तरी न्यायासनापुढे कुणाला तरी विचारावं लागेल की तू या क्षणी काय करतो आहेस.